मोत माउलीच्या वाटेवर दादाचं नाव

मरोळहून वांद्र्याच्या मोत माउलीपर्यंत, म्हणजे डोंगरावरच्या माउंट मेरी चर्चपर्यंत, दहा-बारा किलोमीटर. ८ सप्टेंबरला, मारियेच्या जन्मदिनी, पहाटेच्या मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, पोचायचं म्हणून आमच्या गावठाणातली माणसं मध्यरात्रीनंतर निघतात. हीच आमची वारी. टाळ-मृदंग नाही, हातात रोझरीची जपमाळ, पायात पावसाळी चप्पल, आणि अंधेरीपर्यंत डोक्यावर मेट्रो.

एस. व्ही. रोडला लागलं की रोझरी सुरू होते. दर दहा 'नमो मारियां'च्या आधी एकदा प्रभूची प्रार्थना, आणि तिच्यात ती अडचणीची ओळ: आम्ही इतरांना क्षमा करतो तशी तू आम्हाला कर. लहानपणी घडाघडा म्हणायचो. तेव्हाची भांडणं गोट्यांवरून. संध्याकाळी कट्टी, सकाळी बट्टी. मोठेपणीच्या भांडणात कागद असतात. प्रॉपर्टी कार्ड, नोटरीचा शिक्का, बिल्डरचं करारपत्र आणि मला न विचारता त्यावर केलेली दादाची सही. राग ओसरला तरी कागद जागेवरच असतो.

इर्ल्याला ती ओळ तोंडातून निघेना. शेजारी चालणाऱ्या मावशीनं बरोबर हेरलं.

"दादा अजून डोक्यात बसलाय काय रे?"

"मावशी, घर गेलं माझं."

"मग घरासाठी भांड की! कोर्ट सोड म्हणतंय कोण? त्याचं वाईट चिंतायचं तेवढं सोड. दर दहाला त्याचं नाव घे."

फादरांनीही कन्फेशनमध्ये हेच सांगितलं होतं. पण फादरांपुढे आपण नुसती मान डोलावतो. पोटऱ्या भरून आलेल्या असताना मावशी बोलली की ऐकावंच लागतं.

सांताक्रूझपर्यंत दादाचं नाव दातओठ खाऊन घेतलं. खारला त्याच्या मुलीचं नाव आपसूक आलं, यंदा बारावीला आहे पोर. लकीच्या नाक्यावरून हिल रोडला वळलो तेव्हा त्याची शुगर आठवली. माया वगैरे काही दाटून आली नाही. त्याचा पाय मोडावा असं मात्र वाटेनासं झालं. मला वाटतं, क्षमा बहुतेक वेळा एवढीच असते, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा करावी लागते. येशूनं शिष्य पेत्राला 'सातांच्या सत्तर वेळा क्षमा कर' सांगितलं ते काही उगाच नाही.

डोंगरावर माउलीला वाहायच्या मेणाच्या वस्तूंचे ठेले लागले होते: हात, पाय, काळीज, बाळ, घर. मावशीनं गुडघ्यासाठी पाय घेतला, मी घर. घर हवंच आहे मला, ते लपवून माउलीपुढे कसं उभं राहणार? १७०० साली चाच्यांनी मूर्तीचा उजवा हात तोडला, ही गोष्ट मावशी दरवर्षी सांगते. यंदा पुढे म्हणाली, "आणि तिच्याकडेच लोक हात बरा कर म्हणून येतात."

मिस्सा झाल्यावर दादाला फोन लावला.

"हॅपी फीस्ट, दादा."

"डोंगरावर आहेस? माझ्या नावानं एक मेणबत्ती लाव." मग जरा थांबून, "पुढच्या तारखेला दिंडोशी कोर्टाला कसा जाणार?"

"रिक्षानं."

"मग माझ्या दारावरूनच जाशील. मलाही घे."

"भाडं अर्धं-अर्धं," मी म्हटलं.