बॅटरीले कोन इचारते?

"बॅटरीले कोन इचारते भाऊ? ते टाकतो नालीत." एवढं बोलून भंगारवाल्या काकांनी बंद पडलेला ब्लूटूथ स्पीकर दगडावर ठेवला, हातोडी उचलली. मी हात धरला.

आत लिथियम-आयन बॅटरी, टम्म फुगलेली. ठेचली तर पेट घेते. काकांना हवं होतं फक्त चुंबक अन् कॉइलचं तांबं. त्यांना काय बोलणार? पोट त्यावरच आहे.

१ एप्रिल २०२३ पासूनच्या ई-कचरा नियमांनी पुनर्चक्रीकरणाची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. योग्यच. पण आमच्या आठवडी बाजारात स्पीकर विकणारे येतात, परत नेणारं कोणीच येत नाही.

बॅटरीच्या टोकांना चिकटपट्टी लावून कोरड्या रेतीत ठेवलीय. विदर्भात तालुक्याच्या ठिकाणी कुठं जमा करतात, कोणाला माहीत आहे?