चौतीस टिपा आणि एक सडपातळ रुपया

संपादकांकडून माझी केस स्टडी परत आली तेव्हा डॉकची उजवी बाजू त्यांच्या टिपांनी भरून गेली होती. वाचायचा धीर होईना म्हणून आधी नुसत्या मोजल्या. चौतीस.

विषय तसा घरचाच. देवगडचे एक हापूस बागायतदार आमच्या घरोब्यातले आहेत, त्यांना सगळे तात्या म्हणतात. पेट्या थेट गिऱ्हाइकाला विकायची त्यांची साइट मी मार्च २०२५ मध्ये नव्याने बांधली. आधी मोबाइलवर उघडता उघडत नसे, आता चटकन उघडायला लागली. त्यावर २,८०० शब्द लिहिले आणि एका तांत्रिक नियतकालिकाकडे पाठवून दिले. मथळा दिला, 'फॉन्ट कापला, वेग वाढला'. फॉन्ट कापणं म्हणजे त्याच्या फाइलमधली न लागणारी अक्षरं काढून ती हलकी करणं. मला तो फार आवडला होता.

संपादक मॅडमची पहिली टीप त्या मथळ्यावरच. "फॉन्टमुळेच वाढला, हे कशावरून?"

दुसरी टीप. "आधीच्या साइटमध्ये अनेक त्रुटी होत्या, असं लिहिलंय. ती कोणी केली होती?"

मीच केली होती. २०२२ साली, घाईघाईत. लेखात ते शिताफीने गाळलं होतं.

तिसरी टीप सगळ्यात झोंबली. मी लिहिलं होतं की नव्या साइटनंतर ऑर्डर तिप्पट झाल्या. त्यावर एवढंच, "या वाढीत अक्षय्य तृतीयेचा वाटा किती?" मी तुलना केली होती फेब्रुवारीची एप्रिलशी. अक्षय्य तृतीया त्या वर्षी ३० एप्रिलला होती. फेब्रुवारीत हापूसची पेटी मागवणारे हौशी मोजकेच, आणि एप्रिलअखेर साइट बंद पडली असती तरी लोकांनी फोन करून मागवल्या असत्या. कोकणात सुट्ट्या काढलेल्या माणसाला हे दुसऱ्याने विचारावं लागलं याचीच लाज वाटली.

दोन दिवस काहीच केलं नाही. बायकोला म्हटलं, "या बाईंना वेब डेव्हलपमेंटमधलं काही कळत नाही." ती म्हणाली, "मग सोपं आहे, समजावून सांग." समजावायला बसलो आणि तिथेच अडकलो. नव्या साइटमध्ये मी एकदम पाच गोष्टी बदलल्या होत्या. फॉन्ट कापला, फोटो वेबपी या हलक्या प्रकारात केले, सरकत्या फोटोंच्या स्लायडरची स्क्रिप्ट काढली, होस्टिंग बदललं आणि पहिल्या फोटोवरचं 'लेझी' (फोटो गरज पडेल तेव्हाच मागव, ही ब्राउझरला सूचना) काढलं. पाचही बदल एकाच रात्री लाइव्ह. श्रेय दिलं फॉन्टला, कारण त्यावर सगळ्यात जास्त मेहनत घेतली होती.

मग कोडच्या जुन्या आवृत्त्या जपणाऱ्या गिटमधून जुनी साइट काढली आणि प्रत्येक बदलाची वेगळी शाखा, म्हणजे तेवढाच बदल असलेली प्रत, केली. आईचा जुना अँड्रॉइड फोन केबलने लॅपटॉपला जोडला, नेटवर्क मुद्दाम हळू केलं आणि प्रत्येक शाखा पाच-पाच वेळा मोजून मधला आकडा धरला. एकदाच मोजण्यात अर्थ नसतो, तेच पान लागोपाठ दोनदा मोजलं तरी आकडा हलतो. मोजायचं होतं एलसीपी, म्हणजे पडद्यावरची सगळ्यात मोठी गोष्ट दिसायला लागणारा वेळ. गूगलच्या निकषाप्रमाणे तो २.५ सेकंदांच्या आत हवा. आमच्या पानावर ती मोठी गोष्ट म्हणजे पेढ्यात मांडलेल्या आंब्यांच्या पेटीचा फोटो. (पेढा म्हणजे भाताचा पेंढा. हीसुद्धा टीप होती, "पेंढा लिहा, मिठाई वाटते." इथे मुद्दाम तसंच ठेवलंय.)

फॉन्टने वाचवले ०.२ सेकंद. तीन रात्री घालवून.

वेबपीने बरंच वाचवलं, ते अपेक्षितच होतं. पण सगळ्यात मोठा फरक पडला तो 'लेझी' हा एक शब्द पुसल्याने. ब्राउझर पानाचा कोड, म्हणजे एचटीएमएल, वाचता वाचताच पुढचे फोटो मागवायला सुरुवात करतो. फोटोवर लेझी लिहिलेलं असेल तर मात्र तो थांबतो. आधी पानाची मांडणी ठरू दे, मग हा फोटो पडद्यावर येतोय की खाली राहतोय ते बघू, असा त्याचा हिशेब. खाली दडलेल्या फोटोंना हे उत्तम. पण पानाच्या माथ्यावरच्या फोटोलाही तेच लावलं, तर जो सगळ्यात आधी हवा तोच रांगेत उगाच ताटकळतो. २०२२ मध्ये मी डोळे मिटून सगळ्याच फोटोंना लेझी लावलं होतं, म्हणजे वेग वाढवायच्या नावाखाली साइट मीच हळू केली होती.

मथळा गेला. 'अनेक त्रुटी होत्या'च्या जागी 'ही चूक माझी होती' आलं. लाइटहाऊस या गूगलच्या साइट तपासणाऱ्या साधनाचे ९८ गुण मी मिरवले होते, ते डेस्कटॉपवरचे निघाले. मोबाइलचे कमी होते, तेच घातले. प्रत्यक्ष वापरणाऱ्यांचे आकडे द्या, अशीही टीप होती. क्रोम असे आकडे २८ दिवसांचे मिळून देतं, पण त्यासाठी पुरेशी वर्दळ लागते आणि आमच्या साइटवर ती नव्हती. तसं सरळ लिहून टाकलं. ऑर्डरींचा परिच्छेद पूर्ण उडवला. तात्यांनीही फोनवर बजावलं होतं, "आकडे नको छापूस, वाडीत वाचतात." २,८०० चे १,५०० शब्द उरले.

एका टिपेवर मात्र मी अडून बसलो. देवनागरी फॉन्ट म्हणजे काय हे समजावणारा परिच्छेद मॅडमना नको होता. मी कळवलं की जोडाक्षरांमुळे आपले फॉन्ट जड का होतात हे मराठी वाचकाला तरी कळायला हवं. त्यांनी तो ठेवला, अर्धा करून.

चौतिसावी टीप स्क्रीनशॉटवर होती. "यातलं रुपयाचं चिन्ह वेगळं दिसतंय का, की मलाच तसं वाटतंय?"

झूम केलं. बाजूचे देवनागरी आकडे गुबगुबीत आणि ₹ सडपातळ, जणू दुसऱ्याच घरचा. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला एक क्रमांक असतो, आणि फॉन्ट कापताना मी फक्त यु+०९०० ते यु+०९७एफ एवढाच पट्टा ठेवला होता. मराठीला लागणारी देवनागरी त्यात बसते, पण ₹ बसत नाही, त्याचा क्रमांक २०बी९. तो फॉन्टमध्ये नाही म्हटल्यावर ब्राउझर फोनमधल्या दुसऱ्या फॉन्टमधून उचलून आणत होता. म्हणजे ज्या कामाची मी मथळ्यात फुशारकी मारली, त्याच कामातली चूक माझ्याच स्क्रीनशॉटमध्ये होती, प्रत्येक पेटीच्या किमतीपुढे. अख्खा हंगाम ती तशीच गेली.

एक क्रमांक वाढवून फॉन्ट पुन्हा कापला, साइटवर चढवला आणि तात्यांना फोन केला. म्हटलं, "तात्या, रुपयाचं चिन्ह जरा बिघडलेलं होतं, आता नीट केलंय."

"ते होय? मला पहिल्या दिवसापासून दिसत होतं," तात्या म्हणाले. "मला वाटलं, भाव कमी वाटावा म्हणून तू मुद्दाम बारीक केलंस."