बँकेचं पत्र थेट का यावं लागतं

ऑडिटच्या शेवटच्या आठवड्यात अकाउंट्स मॅनेजर स्वतः माझ्या टेबलापाशी आले, बँकेचं बॅलन्स कन्फर्मेशन, म्हणजे कंपनीच्या खात्यात किती पैसे आहेत हे सांगणारं बँकेचं पत्र, पुढ्यात ठेवलं आणि म्हणाले, "मॅडम, तुमचा वेळ वाचावा म्हणून मीच जाऊन घेऊन आलो." बोलणं एकदम गोड, पण माझ्या पोटात गोळाच आला. हे पत्र ऑडिटरनेच पाठवायचं असतं आणि उत्तरही बँकेकडून थेट ऑडिटरकडेच यायला हवं, मधे कंपनीचा हात लागला की पुरावा म्हणून त्याला काही अर्थच उरत नाही. सत्यम या आयटी कंपनीच्या ऑडिटरांचं नेमकं इथेच चुकलं होतं, आणि ७ जानेवारी २००९ ला तिचे चेअरमन रामलिंग राजूंनी पत्रातून कबूल केलं की ताळेबंदातली ५,०४० कोटींची रोकड आणि बँक बॅलन्स मुळात नाहीच. २०२० मधे वायरकार्ड या जर्मन पेमेंट कंपनीचे १.९ अब्ज युरो असेच फक्त कागदावर निघाले.

मग मी एफडीच्या पावत्या काढून शेजारी शेजारी ठेवल्या. दोन वेगवेगळ्या वर्षांच्या पावत्या, पण शिक्का त्याच जागी, तसाच तिरका, आणि उजवीकडची कड दोन्हीवर अगदी सारखीच अर्धवट उमटलेली. आणि एवढ्या एफडी पडून असताना पगारासाठी ओव्हरड्राफ्ट कशाला काढत होते हे लोक? बँकेचा पत्ता मी स्वतः शोधला, नवीन पत्र पाठवलं, चार दिवसात उत्तर आलं की दोन्ही एफडी कधीच मोडल्यात.

ऑडिट कमिटीच्या मीटिंगमधे सीएफओ, म्हणजे कंपनीचे वित्तप्रमुख, टायमिंगचा मुद्दा सांगत राहिले, की नोंदी फक्त मागेपुढे झाल्यात. पण मला सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच. अकाउंट्समधल्या एका पोराने आठ महिन्यांपूर्वीच या पावत्यांबद्दल व्हिसलब्लोअरच्या, म्हणजे आतल्या गैरप्रकारांची तक्रार करायच्या, मेलवर लिहिलं होतं, आणि तो मेलबॉक्स उघडायचे सीएफओंच्याच हाताखालचे लोक. पॉलिसी होती, पोस्टर होतं, सगळं होतं हो, फक्त तक्रार ज्याच्याबद्दल त्याच्याकडेच जात होती! त्या पोराची बदली झाली होती.

पुढे सीएफओ गेले, फॉरेन्सिक ऑडिट, म्हणजे घोटाळा शोधणारी तपासणी झाली, जुने आकडे रिस्टेट केले, म्हणजे दुरुस्त करून पुन्हा मांडले. चेअरमननी बँकेला माफीचं लांबलचक पत्र लिहिलं तर बँकेचे अधिकारी सरळ म्हणाले, पत्र नको, दर महिन्याचा कॅश फ्लो आणि स्टॉकचे आकडे बाहेरच्या ऑडिटरकडून तपासून थेट आम्हाला पाठवा. तेच केलं, अन् मला वाटतं तेच बरोबर होतं, कारण पहिल्या दोन महिन्यात आकडे वाईटच आले आणि तरी ते जसेच्या तसे गेले, तिथून बँकेचे लोक फोन घ्यायला लागले.

पुढच्या वर्षी ऑडिटला गेले तेव्हा तो पोरगा परत अकाउंट्समधे होता. पहिलंच त्याने विचारलं, "मॅडम, आता तो मेल कोण वाचतं?" मी त्याला ऑडिट कमिटीच्या स्वतंत्र, म्हणजे कंपनीत नोकरीला नसलेल्या, संचालकांची नावं दाखवली. त्याने ती वहीत लिहून घेतली.