वहीतले चौदा

अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहा, असे मुख्याध्यापकांचे पत्र आले तेव्हा शाळेविषयी लिहिण्यासारखे पुष्कळ आहे असे वाटले होते. लिहायला बसल्यावर मात्र जीवशास्त्राच्या बाईंखेरीज दुसरे काही सुचेना. आमच्या काळातल्या विद्यार्थ्यांना त्यांचे नाव सांगावे लागणार नाही. इतर शिक्षकांचे ऋण कमी आहे असे नाही, पण त्यांच्याविषयी दुसरे कुणी लिहील.

गोष्ट 1980 च्या हिवाळ्यातली, मी नववीत असतानाची. निफाड तालुक्यात कांद्याला काय तोटा! बाईंनी पाण्याने भरलेल्या बाटल्यांच्या तोंडावर कांदे बसवून ते प्रयोगशाळेच्या खिडकीत ओळीने मांडले होते. मुळे फुटल्यावर आम्हा सहा जणींना त्यांनी रविवारी सकाळी आठला बोलावले, कारण पेशींचे विभाजन पाहायचे तर मुळे सकाळीच कापावीत असे त्यांचे म्हणणे होते. मुळांची टोके रात्रभर मद्यार्क आणि अ‍ॅसेटिक आम्लाच्या मिश्रणात ठेवून दुसऱ्या दिवशी आम्ही ती विरल आम्लात कोमट केली, अ‍ॅसिटोकार्मिनने रंगवली आणि टिपकागदाखाली अंगठ्याने दाबून काचपट्ट्या तयार केल्या. माझ्या पट्टीवर एका पेशीत लालसर गुणसूत्रे स्वच्छ पसरलेली दिसली. कांद्याच्या पेशीत ती 16 असतात हे मला पाठ होते, म्हणून मी वहीत सोळा काढली आणि खाली 16 असे लिहूनही टाकले.

बाईंनी सूक्ष्मदर्शकातून बराच वेळ पाहिले. “मला पंधरा दिसतात. तू किती मोजलीस?” मी खरे ते सांगितले, “चौदा.” “मग सोळा कुणी पाहिली गं?” मी गप्प राहिले. त्यांनी माझ्या चित्रावर लाल शाईने रेघ मारली आणि शेजारी माझ्याच हातून लिहून घेतले: “14 मोजली, दोन ठिकाणी गुणसूत्रे एकमेकांवर पडली असावीत.” त्या वेळी मला रडू आले होते, कारण माझी वही वर्गात सर्वांत नीटनेटकी समजली जाई.

त्याच बाईंनी 1982 साली डॉ. कमल रणदिवे यांना पद्मभूषण मिळाल्याचे कात्रण फळ्याशेजारी लावले होते. भारतातली पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा, म्हणजे पेशी शरीराबाहेर वाढवण्याची प्रयोगशाळा, उभारणाऱ्या या पुण्याच्या बाई परळच्या कर्करोग संशोधन केंद्रात काम करत असत, एवढे त्या कात्रणातून मला कळले. आणि 1990 साली पीएच.डी.साठी मी परळलाच गेले, हा योगायोग मी मानत नाही.

माझे पहिले काम गुणसूत्रे मोजण्याचेच होते. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया या रक्तकर्करोगात 9 आणि 22 क्रमांकांच्या गुणसूत्रांचे तुकडे आपसांत अदलाबदल करतात आणि 22 क्रमांकाचे गुणसूत्र आखूड दिसू लागते. तेव्हा आम्ही पेशींची छायाचित्रे काढून एकेक गुणसूत्र कात्रीने कापत असू आणि जोड्या लावून पुठ्ठ्यावर चिकटवत असू. एखाद्या पेशीत 46 ऐवजी 45 भरली, तर एक गुणसूत्र कर्करोगाने गमावले की पट्टी बनवताना निसटले, हे एका पेशीवरून ठरत नाही. त्यासाठी वीस पेशी मोजायच्या आणि प्रत्येकीपुढे आढळला तोच आकडा लिहायचा. प्रयोगशाळेतल्या नव्या मुलांना या शिस्तीचा कंटाळा येई. मला ती नववीतच लागली होती.

1994 साली बीआरसीए-1 आणि पुढच्याच वर्षी बीआरसीए-2 हे जनुक हाती लागले, तेव्हा माझे काम आनुवंशिक स्तनकर्करोगाकडे वळले आणि निवृत्तीपर्यंत तिथेच राहिले. हे जनुक तुटलेला डीएनए दुरुस्त करणारी प्रथिने घडवतात. त्यांतला सदोष जनुक आईकडून किंवा वडिलांकडून आला, तर स्तनाच्या आणि बीजांडकोशाच्या कर्करोगाचा धोका पुष्कळ वाढतो. पण जनुकात सापडणारा प्रत्येक बदल घातक नसतो. कित्येक बदलांपुढे अहवालात “अर्थ अनिश्चित” असेच लिहावे लागते, आणि जगातल्या माहितीचे साठे मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांवरून तयार झालेले असल्यामुळे आपल्याकडे तसे अधिक वेळा लिहावे लागते.

आई स्तनकर्करोगाने गेलेल्या दोन बहिणी एकदा असाच अहवाल घेऊन माझ्यासमोर बसल्या होत्या. थोरलीने शस्त्रक्रिया करून घेण्याची मनाची तयारी केली होती आणि तिला माझ्याकडून केवळ होय की नाही एवढेच हवे होते. “आज कुणालाच ठाऊक नाही, आणि या बदलाच्या भरवशावर शस्त्रक्रिया करू नये,” असे मी सांगितले, तेव्हा ती माझ्यावर रागावली. चार वर्षांनी तो बदल निरुपद्रवी गणला गेला. तो घातकही ठरू शकला असता, आणि तरीही त्या दिवशी मला तेच उत्तर द्यावे लागले असते.

हे सगळे बाईंना सांगायचे राहून गेले. सुट्टीत गावी येत होते, पण पुढच्या खेपेला जाऊ म्हणत राहिले, आणि मग त्या राहिल्या नाहीत.

गेल्या वर्षी शाळेत आले होते. प्रयोगशाळेत मोठा पडदा आहे आणि त्यावर पेशीविभाजन फार सुबक दिसते. दर वेळी गुणसूत्रे बरोबर सोळाच भरतात. जुना सूक्ष्मदर्शक कपाटात कुलूपबंद होता आणि किल्ली कुणाकडे आहे हे कुणाला सांगता आले नाही. म्हणून मी शाळेसाठी दोन नवे सूक्ष्मदर्शक पाठवत आहे, मात्र ते कपाटात ठेवू नयेत एवढी विनंती आहे. कांदे तुमच्याकडे आहेतच.