घरात दुःख, भावाशी बोलणं बंद. दिवाळी काढायची कशी?

“यंदा आई गेली. वाटणीवरून भावाशी बोलणं बंद आहे. दिवाळी कशी काढायची?” दसरा चौकात सोनं लुटून झालं की कोल्हापुरातल्या बायका हे हमखास विचारतात. तुम्हीही विचारलंत, म्हणून सविस्तर.

सगळी दिवाळी सारखी जड जात नाही. आई गेलेल्या घरात पहिल्या आंघोळीची पहाट जड जाते, कारण तेल-उटणं घेऊन उठवणारं माणूसच नसतं. आदल्या रात्री एखादी मावशी, आत्या मुक्कामाला बोलवा. नवरा गेलेल्या बाईला पाडवा नको वाटतो. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं मे २०२२ मध्ये कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद करायचा ठराव केला. आपल्याच जिल्ह्यातलं गाव आहे, तेव्हा वहिनीला ओवाळणीच्या वेळी आतल्या खोलीत बसवू नका.

दुःखाच्या घरी कढई चढत नाही, शेजारून फराळाची ताटं येतात. पण ती सगळी दोन दिवसांत येतात आणि भाऊबीज झाली की दार वाजत नाही. ज्यांच्याशी मोकळं बोलता येतं त्यांना स्पष्ट सांगा, “तुम्ही पुढच्या आठवड्यात या.” भेटायला येणाऱ्यांना संध्याकाळी चार ते सहा एवढीच वेळ द्या. दिवसभर तेच आजारपण, तीच शेवटची रात्र सांगत बसलं की माणूस खचतं. लहान मुलांना मात्र किल्ला करू द्या, आकाशकंदील लावू द्या. त्यानं मेलेल्याचा अपमान होत नाही. झोप-जेवण सुटलं असेल, जगणं नको वाटत असेल तर दिवाळी सरायची वाट बघू नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं.

आता भाऊ. बहुतेक घरांत बोलणं तुटतं ते बहिणीची सही मागितल्यावर. एक नीट समजून घ्या: वारस नोंदीनं सातबाऱ्यावर सगळ्या वारसांची नावं लागतात, त्यासाठी कुणी हक्क सोडावा लागत नाही. हक्कसोडपत्र वेगळं, ते दुय्यम निबंधकाकडे नोंदवावं लागतं. भाऊबीजेच्या ताटाशेजारी तो कागद ठेवला की पुढची दहा वर्षं गेली. सही द्यायची की नाही ते दिवाळीनंतर, वकिलाला विचारून ठरवा.

भेटायचं असेल तर आठ दिवस आधी मेसेज करा. फक्त त्याला, घरच्या ग्रुपवर नाही: “दादा, आईविना पहिलीच दिवाळी. भाऊबीजेला चार वाजता अर्धा तास येऊन जाऊ का? शेताचं काही बोलणार नाही.” उत्तर आलं नाही तर दुसरा मेसेज नको आणि मामाकरवी निरोप तर अजिबात नको. मामा मध्ये पडला की भेटीची पंचाईत होते आणि जुने हिशेब निघतात. न कळवता दारात जाऊन उभं राहू नका. त्या घरात मारहाण झाली असेल, तर “सणासुदीला तरी जा” म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. चंद्राला ओवाळायची रीत आहेच.

“ये” म्हणाला, तर अर्ध्या तासात उठा, गप्पा रंगल्या तरी. वहिनीनं जेवायचा आग्रह केला तर “वर्षश्राद्धाला येते, तेव्हा जेवू” म्हणा. पुढच्या भेटीचा दिवस तिथंच ठरतो.