स्पिरिट सुकवू नका: इथेनॉलपासून हायड्रोजन करताना

सांगली जिल्ह्यातल्या मळीवर चालणाऱ्या डिस्टिलऱ्यांत साध्या ऊर्ध्वपातनाने स्पिरिट 95 टक्क्यांच्या आसपास अडतं. पेट्रोलमध्ये मिसळायचं तर उरलेलं पाणी मॉलिक्युलर सीव्हने (पाणी शोषून घेणाऱ्या सच्छिद्र दाण्यांनी) काढावंच लागतं. फ्युएल सेलसाठी (हायड्रोजनपासून वीज करणाऱ्या साधनासाठी) हायड्रोजन करायचा असेल तर तो खर्च वाया जातो, कारण रिफॉर्मरमध्ये, म्हणजे इथेनॉल आणि वाफेतून हायड्रोजन काढणाऱ्या भट्टीत, पाणी आपणच घालतो. हिशेबाने इथेनॉलच्या एका रेणूला पाण्याचे तीन पुरतात; प्रत्यक्षात सहा घ्यावेत, नाहीतर कार्बन साचतो. म्हणजे लिटरभर स्पिरिटला सुमारे 1.7 लिटर पाणी, आणि तेही डीएम, म्हणजे क्षार काढलेलं. बोअरचं क्षारट पाणी व्हेपोरायझरमध्ये (वाफ करणाऱ्या भागात) खपली धरतं.

उत्प्रेरकात खरी मेख आधाराची, म्हणजे ज्या पावडरीवर धातू बसवतात तिची. निकेल स्वस्त आहे, कार्बन-कार्बन बंध चांगला तोडतं. पण नुसत्या गॅमा अ‍ॅल्युमिनावर (सच्छिद्र अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडवर) ठेवलं, तर तिथल्या आम्लधर्मी जागा इथेनॉलचं इथिलीन करतात आणि त्याचा पुढे कोक, म्हणजे साचलेला कार्बन, होतो. म्हणून अ‍ॅल्युमिनावर आधी लँथॅनम नायट्रेट चढवून भाजून घ्यावं, मग निकेल. 9 ग्रॅम आधारावर 1 ग्रॅम निकेल हवं तर निकेल नायट्रेट हेक्झाहायड्रेट 4.95 ग्रॅम लागतं. आधार जेवढं पाणी पितो तेवढ्यातच ते विरघळवून थेंबथेंब सोडावं; पावडर ओलसर दिसली पाहिजे, चिखल झाला की निकेल कडेला गोळा होतं. 110 अंशांवर रात्रभर वाळवून 500 अंशांवर चार तास भाजावं. तांबूस धूर निघतो तो नायट्रोजन डायऑक्साइड, तेव्हा फ्यूम हूडशिवाय हात घालू नये. शेवटी 650 अंशांवर हायड्रोजनमध्ये क्षपण, म्हणजे ऑक्साइडमधला ऑक्सिजन काढून पुन्हा धातू करणं.

जीसीवर (वायू वेगळे करून मोजणाऱ्या गॅस क्रोमॅटोग्राफवर) इथिलीनचा पीक दिसला की कोक धरायला लागला. बेडवरचा (उत्प्रेरकाच्या थरावरचा) दाब चढेपर्यंत वाट पाहू नका. लगेच पाणी वाढवा. साचलेला कोक जाळताना नायट्रोजनमध्ये ऑक्सिजन अगदी थोडा ठेवावा, कारण बेड तापला की निकेलचे कण एकमेकांना चिकटून मोठे होतात आणि ती हानी भरून येत नाही. गंधक त्याहून वाईट, ते निकेलला घट्ट धरून बसतं. म्हणून स्पिरिटमधलं गंधक आधीच तपासून घ्यावं.

बाहेर येणाऱ्या वायूत कार्बन मोनॉक्साइड काही टक्के असतो. साध्या पीईएम सेलच्या (प्रोटॉन जाऊ देणारा पडदा असलेल्या फ्युएल सेलच्या) प्लॅटिनमला तो 10 पीपीएमच्या आसपासच चालतो, तेव्हा पुढे तांबे-जस्ताचा शिफ्ट बेड (तो वाफेच्या मदतीने कार्बन मोनॉक्साइडचा कार्बन डायऑक्साइड करतो) आणि मग निवडक ऑक्सिडीकरण (हायड्रोजन राखून उरलेला कार्बन मोनॉक्साइड जाळणं), दोन्ही हवेतच.

बंद करताना बेड 200 अंशांखाली जाण्याआधी सगळा वायू नायट्रोजनने हाकलून लावा. थंड निकेल आणि कार्बन मोनॉक्साइड भेटले की निकेल कार्बोनिल होतं, आणि ते अत्यंत विषारी आहे.