आजची ग्रामसभा

खारबांधाचा (खाडीचं पाणी शेतात शिरू न देणाऱ्या बांधाचा) विषय 'वेळेअभावी' पुढे ढकलायचा घाट होता. मागून काकी उठली, "भाऊ, प्रोसिडिंगला लिवा, आमी इचारलं नि तुमी उत्तर दिलं नाय." ग्रामसेवकाने पेन उघडलं मात्र, वर बसलेल्यांना उत्तरं भराभर सुचू लागली! (चहा तेव्हाच आला, तोही गार.)

येताना चरीच्या शेतकरी संपाचा विषय निघाला. चरी हे अलिबागजवळचं गाव. १९३३ ते १९३९ कुळांनी खोतांची, म्हणजे जमीनदारांची, शेती कसलीच नाही. आम्ही एका मोर्चात दमतो. त्यांनी सहा पावसाळे नांगर खाली ठेवला, जंगलातली लाकडं विकून पोरं जगवली. काकीची आजी त्यातलीच. मला आज कळलं, इतकी वर्षं शेजारी राहून.

नोंदीच्या पानाचा फोटो काढून आणलाय. पुढच्या सभेला काकीशेजारी बसणार.